पाठीचा पिवळा बंध व त्याचे चतुष्पाद साक्षीदार

मनुष्य दोन पायांवर उभा राहिला आणि त्याच दिवशीं त्याच्या पाठीचें दुखणें जन्मास आलें, अशा आशयाचें वाक्य वैद्यकावरील लोकप्रिय पुस्तकांतून वारंवार वाचावयास मिळतें. वाक्य चटकदार आहे. मान उंच करून चालण्याचा मान मनुष्यानें मिळविला आणि त्याचा दंड कंबरेनें भरला, ही कल्पना मनाला पटकन पटते. तींत पुराणांतील शापकथेची थोडी गोडीही आहे. परंतु जें चटकदार तें खरें असतेंच असें नाहीं. ह्या वाक्याची परीक्षा करण्याकरितां गेल्या सुमारें शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनीं ज्यांच्या साक्षी काढल्या ते बहुतेक सर्व चार पायांचे आहेत: उंदीर, मूषक, ससे, कुत्रे आणि हॉलंड देशांतील एक दुर्दैवी करडूं. ह्या साक्षींचा इतिहास सांगण्याचा आमचा विचार आहे. कण्याचे विकार पुष्कळ. त्यांपैकीं एकच आम्हीं येथें मुख्यतः घेतला आहे, तो म्हणजे उतारवयांत मणक्यांना जोडणाऱ्या बंधांचें जाड होणें.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. हल्लीं आपण 'स्नायु' हा शब्द आंखडणाऱ्या व प्रसरण पावणाऱ्या मांसाला लावतों. सुश्रुताच्या शारीरस्थानांत मात्र स्नायु म्हणजे शरीर बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. त्यांची संख्या तेथें ९०० दिली असून, फळ्या दोरांनीं नीट आवळल्या म्हणजे नाव जशी पाण्यावर माणसांचा भार सोसते तसें शरीर ह्या स्नायूंच्या बळावर भार वाहतें, अशी उपमा योजिली आहे. उपमा फार चांगली आहे. पण शब्दाचा अर्थ मध्यंतरीं पालटल्यामुळें घोटाळा होऊं नये म्हणून आम्ही ह्या दोऱ्यांना 'अस्थिबंध' किंवा नुसतें 'बंध' म्हणूं.

प्रत्येक मणक्याच्या मागील अंगास हाडाची एक कमान असते. ह्या कमानी एकीखालीं एक आल्यानें जी नळी तयार होते तींतून मज्जारज्जु, आणि तो संपल्यावर कंबरेच्या भागांत मज्जातंतूंचा जुडगा, खालीं उतरतो. एका कमानीपासून खालच्या कमानीपर्यंत एक आंखूड पट्टा ताणलेला असतो. त्याचा रंग पिवळसर, म्हणून लॅटिन भाषेंत त्याला 'लिगामेंटम फ्लेव्हम' म्हणजे पिवळा बंध असें नांव पडलें. शरीरांतील इतर बहुतेक बंध पांढरे व चिवट असतात. ते ओढ सोसतात, पण फारसे लांबत नाहींत. हा पीतबंध मात्र रबरासारखा आहे. निरोगी माणसाच्या पीतबंधांत सुमारें ८० टक्के लवचिक तंतु असतात आणि २० टक्के कोलॅजन नांवाच्या चिवट द्रव्याचे. आपण पुढें वांकलों कीं तो लांबतो व पातळ होतो. ताठ झालों कीं आंखडून आपल्या जागीं परत बसतो. तो सैल पडून नळींत त्याची वळी येऊं नये, एवढ्याचसाठीं जणूं निसर्गानें त्याला ही लवचिकता दिली आहे.

वय वाढतें तसे लवचिक तंतु तुटूं लागतात. त्यांची जागा कोलॅजन घेतें. पट्टा जाड व राठ होतो. माणूस ताठ उभा राहिला म्हणजे तो पूर्वीसारखा आंखडूं शकत नाहीं, तर नळीच्या आंत फुगतो आणि तेथील मज्जातंतूंना चेपतो. ह्याचा परिणाम आपल्यापैकीं अनेकांनीं आपल्याच घरांतील वडीलधाऱ्यांच्या ठिकाणीं पाहिला असेल. सकाळीं फिरावयास निघालेले आजोबा शंभर पावलांवर थांबतात. पाय जड होतात, पिंढऱ्यांना मुंग्या येतात. एखाद्या पारावर किंवा दुकानाच्या पायरीवर पुढें वांकून बसले कीं थोड्याच वेळांत त्यांस बरें वाटतें आणि ते पुन्हां चालूं लागतात. चढण त्यांना एक वेळ सोसते, उतार सोसत नाहीं. घरच्या मंडळींस ह्यांत लहरीपणा दिसतो, क्वचित् ढोंगाचाही संशय येतो. पण ह्या दुखण्यांत लहर नाहीं, यंत्रशास्त्र आहे. चढतांना व बसतांना पाठ वांकते, बंध ताणला जाऊन पातळ होतो आणि नळी मोकळी होते. उतरतांना पाठ मागें झुकते आणि नळी पुन्हां आवळली जाते. वृद्धांचें पुढें वांकून चालणें हा नेहमींच दुबळेपणा नसतो. कित्येकदां तो शरीरानें स्वतःच शोधून काढलेला उपाय असतो.

एवढी साधी गोष्ट वैद्यांच्या ध्यानांत यावयास बराच काळ लागला. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील शस्त्रवैद्य चार्ल्स ॲस्टन की ह्यानें १८३८ सालीं, कण्याच्या अस्थिबंधांच्या विकारानें मज्जारज्जु दाबला जाऊन पाय लुळे पडल्याची हकीगत प्रसिद्ध केली. पुढें पाऊणशें वर्षें तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्गनें जाड झालेला पीतबंध कापून काढल्यावर पायांतून उतरणारी कळ थांबल्याचें नमूद केलें, आणि १९३१ सालीं टाउन व रायखर्ट ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं केवळ ह्याच विषयावर निबंध लिहिला. आतां ह्या बंधाचे दिवस येणार असें वाटत असतांच, १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार ह्यांनीं मणक्यांमधील गादी फाटून बाहेर येते व मज्जातंतूस दाबते हें दाखवून दिलें. झालें! ज्याला त्याला फाटलेली गादीच दिसूं लागली आणि बिचारा पीतबंध मागें पडला. वैद्यकशास्त्रांतही फॅशन असते. नवा आरोपी सांपडला कीं जुन्याची चौकशी थांबते. उट्रेख्टच्या हेंक व्हर्बीस्टनें १९४९ पासून, व विशेषतः १९५४ च्या आपल्या निबंधांत, कंबरेच्या भागांत कण्याची नळीच अरुंद असण्याच्या रोगाचें स्वच्छ वर्णन केलें, तेव्हां कोठें नळीच्या भिंतीकडे पुन्हां लक्ष गेलें. नळी जन्मतः अरुंद असेल तर भिंतीची थोडी जाडीही पुरेशी होते, आणि ही भिंत कांहीं अंशीं पीतबंधाची असते.

येथपर्यंत जनावरांचा संबंध आला नाहीं. तो कां आला हें समजण्यासाठीं शस्त्रवैद्याची अडचण लक्षांत घ्यावी लागेल. त्याच्या हातीं बंध येतो तो जाड होऊन चुकल्यावर. साठ-सत्तर वर्षें चाललेल्या नाटकाचा शेवटचा अंक तेवढा तो पाहतो. प्रारंभीं काय झालें? तंतु तुटले म्हणून जाडी आली, कीं जाडीमुळें तंतु तुटले? गादी झिजून मणके खिळखिळे झाले म्हणून बंधावर ताण आला, कीं बंध निकामी झाला म्हणून गादीवर भार पडला? निरोगी माणसाच्या पाठींतून दर पांच वर्षांनीं बंधाचा तुकडा काढून पाहणें शक्य नाहीं आणि कोणी तें करूंही देणार नाहीं. म्हणून ज्याचें सबंध आयुष्य दोन-तीन वर्षांत आटोपतें असा प्राणी हवा. पण असा प्राणी उभा राहत नाहीं, आणि उभें राहणें हेंच तर रोगाचें मूळ मानलेलें! तेव्हां त्याला उभें करावयाचें कसें?

ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर निर्दय होतें. हॅरल्ड कोल्टन ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें (ॲरिझोनांतील फ्लॅगस्टाफ येथील संग्रहालयाचा संस्थापक म्हणून तो पुढें अधिक प्रसिद्धीस आला) १९२९ सालीं एक निबंध छापला. पांढऱ्या उंदरांचे पुढील पाय लहानपणींच कापून टाकून त्यांना मागील पायांवर चालावयास लावलें, तर त्या पायांच्या हाडांत काय फरक पडतो हें त्यानें मोजलें होतें. कोल्टनला कण्याचें दुखणें शोधावयाचें नव्हतें. हाडाचा आकार वंशानें ठरतो कीं वापरानें, हा त्याचा प्रश्न होता. पण युक्ति एकदां प्रसिद्ध झाली म्हणजे ती कोण कशासाठीं वापरील ह्याचा नेम नसतो.

दुसरें उत्तर निसर्गानेंच दिलें, आणि ह्या साऱ्या इतिहासांत आम्हांला तें सर्वांत हृदयस्पर्शी वाटतें. हॉलंडांत पुढील पायांवांचून एक करडूं जन्मास आलें. तें मेलें नाहीं. मागील दोन पायांवर उड्या मारीत तें हिंडूं लागलें आणि सुमारें वर्षभर जगून एका अपघातांत मरण पावलें. त्याचें शव एव्हरहार्ड स्लायपर ह्या डच शरीरशास्त्रज्ञाच्या हातीं आलें. त्यानें तें बारकाईनें विच्छेदून १९४२ सालीं, म्हणजे देश जर्मनांच्या टांचेखालीं असतांना, त्याचें वर्णन ॲम्स्टरडॅमच्या विज्ञान-परिषदेपुढें मांडलें. कण्याला निराळाच बांक आला होता; छातीचा घाट बदलला होता; ओटीपोटाचीं हाडें, मागील पाय आणि त्यांना चालविणारें मांस ह्यांची मांडणी सामान्य बकऱ्याहून भिन्न झाली होती. एकाच पिढींत, एकाच वर्षांत, कोणत्याही वंशपरंपरेच्या मदतीवांचून, शरीरानें आपल्याला मिळालेल्या स्थितीशीं एवढा मेळ घातला होता. जीवशास्त्रज्ञ आजही ह्या करडाचें उदाहरण देतात. आमच्या विषयापुरतें त्याचें महत्त्व असें कीं, हाडें व बंध हे एकदां घडून संपणारे पदार्थ नव्हेत, त्यांच्यावर पडणाऱ्या ओढीला तें सतत उत्तर देत असतात, हें त्यानें डोळ्यांपुढें उभें केलें.

ह्यानंतर कोल्टनची युक्ति अस्थिवैद्यांनीं उचलली. १९५७ सालीं गॉफ व लँडमेसर ह्यांनीं दोन पायांचे उंदीर व मूषक हे अस्थिवैद्यकाच्या संशोधनासाठीं उपयुक्त प्राणी होत, असें प्रतिपादन केलें. (ह्या लेखांत 'उंदीर' म्हणजे घरांतील मोठा उंदीर व 'मूषक' म्हणजे त्याचा चिमुकला भाऊबंद, असा भेद आम्हीं केला आहे, प्रयोगशाळेंत ह्या दोन स्वतंत्र जाति आहेत.) जपानांत तोकुशिमा येथील यामादा ह्यांनीं १९६२ सालीं असे उंदीर घेऊन गादी सरकण्याचा अभ्यास केला. पुढील काळांत कण्याच्या जवळजवळ प्रत्येक विकारासाठीं हा द्विपाद उंदीर वापरण्यांत आला: गादीसाठीं, कण्याच्या बांकासाठीं, आणि पीतबंधासाठींही. पुढचे पाय आणि शेंपूट कापावयाची, पिंजऱ्यांत अन्नपाणी उंचावर टांगावयाचें, आणि कांहीं महिन्यांनीं कणा काढून कापून पाहावयाचा, अशी ह्या कामाची रीत पडून गेली. ती कोणास फारशी खटकली नाहीं, ह्याचेंच आम्हांस नवल वाटतें.

ह्या रीतीला खरा धक्का दयेनें दिला नाहीं, तर मोजमापानें दिला. २००१ सालीं अमेरिकेंतील बेली व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक असा प्रश्न विचारला कीं जो चाळीस वर्षांपूर्वींच विचारावयास हवा होता. द्विपाद उंदीर खरोखर उभा राहतो काय? त्यांनीं पाय कापलेले व न कापलेले उंदीर शेजारीं शेजारीं ठेवून, दोघे किती वेळ व कशा स्थितींत असतात ह्याची नोंद केली. पाय कापलेले उंदीर साध्या उंदरांपेक्षां अधिक वेळ ताठ उभे राहतात असें कांहीं त्यांना आढळलें नाहीं. साधा उंदीर मुळांतच चौकस. तो हुंगावयास, खावयास, भिंतीवर चढावयास दिवसांतून अनेकदां मागील पायांवर उभा राहतोच. पाय कापून त्याला जखम व पंगुत्व मिळालें. ताठपणा मिळाला असें म्हणतां येत नव्हतें. एवढ्या जनावरांचे पाय गेले, एवढे निबंध छापले गेले, आणि ज्या एका गोष्टीसाठीं हें सारें केलें तीच गृहीत धरलेली होती! शास्त्राच्या इतिहासांत क्रौर्य व आळस हे कधीं कधीं हातांत हात घालून चालतात तें असें.

दुसरीकडे त्या मूळ चटकदार वाक्याचाच पाया हलूं लागला होता. चार पायांच्या जनावराचा कणा म्हणजे दोन खांबांवर टाकलेली आडवी तुळई, तीवर भार पडतो तो वरून खालीं. आणि माणसाचा कणा म्हणजे उभा खांब, त्यावर भार पडतो तो मणक्यावर मणका दाबून. असें पूर्वीं समजत. करडाचें शव फाडणाऱ्या त्याच स्लायपरनें १९४६ सालीं अनेक सस्तन प्राण्यांच्या कण्यांची तुलना करून निराळें चित्र मांडलें. जनावराचा कणा तुळई नसून धनुष्य आहे, आणि पोटाचें मांस ही त्याची प्रत्यंचा. प्रत्यंचा ओढली कीं धनुष्याच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे दाब येतो. म्हणजे आडव्या कण्यांतही मणका मणक्यावर दाबलाच जातो. २००२ सालीं हॉलंडमधीलच थिओ स्मिट ह्यांनीं ही गोष्ट मणक्याच्या आंतील हाडाच्या जाळीवरून दाखविली. हाडांतील बारीक तुळया भाराच्या दिशेनें रचल्या जातात, आणि चतुष्पादांच्या मणक्यांत त्या कण्याच्या लांबीच्या दिशेनेंच धांवतात. इतकेंच नव्हे तर त्यांच्या मणक्यांचें हाड माणसाच्या हाडाहून अधिक घन असतें. मांसाच्या ओढीमुळें पडणारा दाब नुसत्या वजनाच्या दाबाहून मोठा असला पाहिजे, हें ह्यावरून उघड होतें.

आणि कुत्र्यांची साक्ष तर कधींपासून उपलब्ध होती. स्वीडनच्या हान्सेन ह्यांनीं १९५२ सालीं कुत्र्यांच्या गाद्यांवर मोठा प्रबंध लिहिला. डॅक्सहुंडासारख्या आंखूड पायांच्या जातींत गादी लहान वयांतच झिजते व फाटते, हें त्यांनीं दाखविलें. डॅक्सहुंड कांहीं दोन पायांवर चालत नाहीं! तेव्हां पाठीच्या साऱ्या दुखण्यांचें खापर ताठ उभें राहण्यावर फोडण्याचा हक्क आपणांस उरत नाहीं.

मग बंध जाड कां होतो? ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं त्याच्या एका शेजाऱ्याची हकीगत सांगितली पाहिजे, कारण तिनें संशोधकांस एक निराळीच वाट दाखविली. कण्याच्या नळीच्या पुढील भिंतीवर, मणक्यांच्या पाठीस लागून, एक लांब बंध मानेपासून खालीं उतरतो. कांहीं लोकांत त्याचें हळूहळू हाड बनतें व मज्जारज्जु चेपला जातो. जपानांत त्सुकिमोतो ह्यांनीं १९६० सालीं शवविच्छेदनांत हें वर्णिलें आणि तेथें तो विकार इतका आढळूं लागला कीं लोक त्यास जपानी रोगच म्हणूं लागले; तेथील लोकसंख्येंत त्याचें प्रमाण १.९ ते ४.३ टक्के सांगतात. १९७५ सालीं जपान सरकारच्या आरोग्यखात्यानें त्यासाठीं स्वतंत्र संशोधन-समिति नेमली. अशा वेळीं मूषकांच्या एका वसाहतींत टांचा उचलून, पुढील पंजांवर चालणारीं पिलें निपजलीं. सांधे ताठर झाल्यामुळें त्यांची चाल तशी झाली होती, आणि कण्याचे बंध तपासतां ते हाडाचे होत चालले आहेत असें दिसलें. १९८१ सालीं होसोदा व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या वंशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९९८ सालीं जपानी संशोधकांनींच त्याचें कारण पकडलें: एका जनुकांत एका अक्षराचा बिघाड होऊन त्यापासून बनणारें द्रव्य अर्ध्यावरच तुटत होतें. ह्या द्रव्याचें काम पायरोफॉस्फेट तयार करण्याचें, आणि पायरोफॉस्फेटाचें काम जेथें चुना नको तेथें तो सांचूं न देण्याचें. पहारेकरी गेला, चोर शिरला.

हा शोध फार सुंदर होता, आणि सुंदर असल्यामुळेंच किंचित् फसवाही. माणसांतील रोगही ह्या एका जनुकानें उलगडेल अशी आशा वाटूं लागली. पण २०१४ सालीं हजारों जपानी माणसांची तपासणी होऊन ह्या रोगाशीं संबंध असलेल्या जनुकसंचयांतील सहा जागा सांपडल्या, त्यांत मूषकाच्या त्या जनुकाची जागा नव्हती. बंधाचें हाड कसें होऊं शकतें हें मूषकानें शिकविलें. जपानी शेतकऱ्याच्या किंवा कारकुनाच्या मानेंत तें कां झालें, हें मात्र तो सांगूं शकला नाहीं. साक्षीदार खरें बोलतो आणि तरीही दुसऱ्याच खटल्याबद्दल बोलतो, असें न्यायालयांतही घडतें.

पीतबंधाचा खटला मात्र गेल्या वीस वर्षांत बराच पुढें सरकला, आणि त्यांतही जपानच अग्रेसर आहे. २००५ सालीं तोकुशिमाच्या साइर्यो ह्यांनीं शस्त्रक्रियेंत काढलेले बंध तपासून असें मत मांडलें कीं, ही जाडी म्हणजे खरी वाढ नसून वारंवार झालेल्या सूक्ष्म जखमांवर धरलेल्या व्रणांचा सांठा आहे. नळीपासून दूरच्या, म्हणजे पाठीकडील थरांत, वांकतांना ओढ अधिक बसते, आणि व्रणही तेथेंच अधिक दिसतात. हें अनुमान होतें. त्याची कसोटी जिवंत प्राण्यावरच लागणार. ओसाका येथें हायाशी व सहकारी ह्यांनीं सशांच्या कण्यांतील एका जोडाच्या वरचे व खालचे मणके जखडून टाकले, म्हणजे हालचालीचा सारा बोजा मधल्या एका जोडावर पडावा. २०१७ सालीं त्यांनीं कळविलें कीं त्या जोडाच्या पीतबंधांतील लवचिक तंतु विस्कटले आणि कूर्चेसारखें द्रव्य वाढलें.

त्याच वर्षीं फुकुओकाच्या क्यूशू विद्यापीठांतील साइतो व सहकारी ह्यांनीं केलेला प्रयोग आम्हांस ह्या मालिकेंतील सर्वांत निर्णायक वाटतो. त्यांनीं मूषकाला उभें करण्याचा खटाटोपच सोडून दिला. उभें राहणें हें कारण मानण्याऐवजीं त्यांनीं ओढ हें कारण मानलें, आणि मूषकाची कंबर पुनःपुन्हां वांकवून सरळ करणारें एक यंत्र बनविलें. बारा आठवड्यांनीं बंध जाड झाला होता. त्यांत पेशी वाढल्या होत्या, कोलॅजनही वाढलें होतें. येथें दुसरा एखादा संशोधक समाधान मानून थांबला असता. ह्यांनीं मात्र मूषकाचा बंध रोग्यांच्या बंधाशेजारीं ठेवून पाहिला आणि जें जमत नव्हतें तें स्पष्ट लिहिलें. माणसाच्या बंधांत नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, मोडतोड साफ करणाऱ्या मॅक्रोफेज नांवाच्या भक्षक पेशी शिरलेल्या असतात, आणि व्रण धरविणारें एक द्रव्य, टीजीएफ-बीटा-१, वाढलेलें असतें. यंत्रानें वांकविलेल्या मूषकांत ह्यांपैकीं एकही गोष्ट नव्हती. म्हणून त्यांनीं दुसरा प्रयोग केला. मूषकाच्या पीतबंधाला अगदीं बारीक जखम केली. भक्षक पेशी आल्या. दोन आठवड्यांत तें द्रव्य व कोलॅजन वाढलें. सहा आठवड्यांत बंध जाड झाला. नुसती ओढ बंधाला जाड करते, परंतु म्हाताऱ्या माणसाच्या बंधाचें रूप यावयास ओढीबरोबर जखम व तिच्यामागून येणारी दुरुस्ती लागते, असें ह्या दोन प्रयोगांच्या जोडीवरून दिसतें. दुरुस्ती करणारे गवंडीच भिंत नको इतकी जाड करून ठेवतात.

उभ्या मूषकाचा मोह तरीही सुटला नाहीं. पण त्याला उभें करण्याची रीत आतां पालटली. चीनमधील संशोधकांनीं मूषकाला पाणी आवडत नाहीं ह्या साध्या गोष्टीचा उपयोग केला. अरुंद भांड्यांत तळाशीं उथळ पाणी ठेवलें कीं तो अंग भिजूं नये म्हणून आपण होऊन मागील पायांवर उभा राहतो. दिवसांतून सहा तास, मध्यें विश्रांति देऊन, असें दहा आठवडे केल्यावर त्याच्या कंबरेचा पीतबंध जाड झाल्याचें २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. म्हणजे उभें राहण्याचा कांहींच संबंध नाहीं असेंही म्हणतां येत नाहीं. उभें राहणें ही बंधावर ओढ आणण्याची एक रीत आहे, एकमेव नव्हे. शेतांत दिवसभर वांकून लावणी करणाऱ्या बाईच्या आणि ओझें वाहणाऱ्या हमालाच्या कंबरेवरही ओढ पडतेच, आणि डॅक्सहुंडाच्या कंबरेवरही.

पाय कापण्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंतचा हा प्रवास केवळ हुशारीचा नाहीं. १९५९ सालीं रसेल व बर्च ह्या दोघा इंग्रजांनीं प्रयोगांतील माणुसकीवर पुस्तक लिहून तीन नियम घालून दिले: जनावराविना काम भागत असेल तर तें घेऊं नये, घ्यावें लागलें तर थोडीं घ्यावींत, आणि त्यांस होणारी पीडा कमींत कमी करावी. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यांत अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद झाली. सहा तास पाण्याच्या भीतीनें उभें राहणें ही पीडा नव्हे असें आम्ही म्हणत नाहीं. शेवटीं तो मूषकही मारलाच जातो. पण ज्यानें बेलीचा निबंध वाचला आहे त्याला निदान एवढें मान्य करावें लागेल कीं, कमी पीडा देणारी रीत येथें अधिक खरें उत्तर देणारीही ठरली. पाय कापलेला उंदीर उभा राहत नव्हता, हा राहतो.

तथापि साक्षीदाराच्या मर्यादा आहेत. त्याचा बंध केंसासारखा पातळ. माणसाचा तीन-चार मिलिमीटर जाड. त्याचे दहा आठवडे म्हणजे आपल्या आयुष्याचीं वर्षें धरलीं तरी त्यांत मधुमेह नाहीं, लठ्ठपणा नाहीं, चाळीस वर्षांची नोकरी नाहीं. आणि सर्वांत मोठी उणीव ही कीं, आजोबा ज्यासाठीं पारावर बसतात तें दुःख तो आपणांस सांगूं शकत नाहीं. तो फक्त आपला बंध मागें ठेवतो. जाड बंध पातळ करणारें औषध अजून रोग्यांच्या हातीं आलेलें नाहीं. प्रयोगशाळेंत मूषकांवर एकामागून एक द्रव्यें पारखलीं जात आहेत, विशेषतः भक्षक पेशींना किंवा त्या व्रण धरविणाऱ्या द्रव्याला आवरणारीं. तोंपर्यंत व्यायाम, वेदनाशामक औषधें, आणि त्यांनीं भागलें नाहीं तर एल्सबर्गनें १९१३ सालीं केला तोच उपाय, म्हणजे कमान उघडून बंध कापून काढणें, हाच चालू आहे. शस्त्रगृहांतून निघालेला तो पिवळा तुकडा हल्लीं पुष्कळ ठिकाणीं टाकून न देतां प्रयोगशाळेंत पाठवितात, आणि तेथें सूक्ष्मदर्शकाखालीं त्याची मूषकाच्या बंधाशीं गांठ पडते.